सैनिकाचे गाव आणि ग्रामपंचायतीचे दप्तर

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ गावात आहे. पुढील पिढ्यांनीही सैन्याची वाट सोडली नाही. सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या जिल्ह्यांत आणि कोकणात सैनिकी परंपरा जपणारी अशी अनेक गावे आहेत.

अशा गावांत सैनिकाचा गौरव होतो. निवृत्त होऊन परतणाऱ्या जवानाची मिरवणूक निघते, स्वातंत्र्यदिनी त्याला ध्वजाजवळ मानाची जागा मिळते. हे योग्यच आहे. परंतु सैनिकाच्या कुटुंबाला गावाची खरी गरज भासते ती सत्काराच्या दिवशी नव्हे, तर एखाद्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीची पायरी चढावी लागते त्या दिवशी. सैनिकांसाठीच्या योजना केंद्र व राज्य शासनाच्या असल्या, तरी त्या ज्या कागदांवर उभ्या राहतात त्यांतील बरेचसे कागद गावातच तयार होतात. म्हणून ग्रामपंचायतीचे दप्तर हे सैनिक कल्याणाचे पहिले साधन होय.

नावातील एका अक्षराचे मोल

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. माजी सैनिकाचे निधन होते. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याच्या पत्नीचे कागद पाठविले जातात. सैन्याच्या अभिलेखात तिचे नाव ‘शांताबाई’ असते, आधार पत्रावर ‘शांता’, तर शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. तीन कागदांवर तीन नावे असल्याने प्रकरण थांबते. शेतीचे उत्पन्न बेताचे आणि मुले शिकत असलेली, अशा घरात निवृत्तिवेतनाविना जाणारा प्रत्येक महिना जड असतो. येथे कोणी लबाडी केलेली नसते. विवाहाची नोंद वेळीच झाली नाही आणि झालेली चूक वेळीच दुरुस्त केली गेली नाही, एवढेच कारण असते.

हे टाळण्याचे अधिकार गावातच आहेत. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमानुसार विवाहांची नोंदणी होते आणि ग्रामीण भागात निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे सोपविण्यात आले. या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी असे नाव आहे. जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या अधिनियमाखाली होते. मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. नोंदीत चूक राहिल्यास पुरावा पाहून ती दुरुस्त करण्याची तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम १५ मध्ये आहे. जवान रजेवर गावी येतो, तेव्हाच त्याच्या विवाहाची व मुलांच्या जन्माची नोंद तपासून घेतली, आणि सैन्याच्या अभिलेखातील नावांशी ती जुळविली, तर पुढील वर्षांची वणवण वाचते. हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते न केल्याची किंमत मात्र विधवेला मोजावी लागते.

घरपट्टीची सवलत

राज्य शासनाने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना जाहीर केली. तिच्यानुसार माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना एका निवासी मालमत्तेवरील करात माफी मिळते. ही माफी आपोआप लागू होत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. अर्ज आल्यावर कर आकारणी नोंदवहीत तशी नोंद घेणे हे ग्रामपंचायतीचे काम होय.

घरपट्टी हे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन असल्यामुळे काही सदस्यांना या माफीचा बोजा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि सर्वसाधारण जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो, हे लक्षात घ्यावे. त्याच वयात मुलांचे शिक्षण, घराचे बांधकाम आणि नव्या नोकरीचा शोध हे सारे एकाच वेळी त्याच्या अंगावर पडते. गावाने सोडलेली रक्कम लहान असली, तरी तिच्यामागील भावना त्याला कळते. सवलत मागण्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या, तर मात्र सन्मानाच्या योजनेतून सन्मानच निघून जातो.

जवान सीमेवर असताना

सेवेतील जवानाची शेती, घर व वादविवाद त्याच्या मागे गावातच राहतात. बांधाचे भांडण किंवा वारसाची नोंद त्याच्या अनुपस्थितीत पुढे सरकते. यासाठी भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५ अस्तित्वात आहे. युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचा दावा तो हजर होऊ शकत नसल्यास स्थगित ठेवण्याची तरतूद त्यात आहे. हे संरक्षण न्यायालयातील दाव्यांपुरते आहे. गावातील वादात सामोपचाराने थांबणे हे पंचांच्या हाती आहे. ‘तो रजेवर आल्यावर पाहू’ असे सरपंचाने वेळीच म्हटले, तर पुष्कळ दावे न्यायालयापर्यंत जाणारच नाहीत.

शाळा आणि ग्रामसभा

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी जमा होणारा निधी माजी सैनिक, विधवा व त्यांच्या पाल्यांसाठी वापरला जातो. निधी गोळा करतानाच आपल्या वर्गात कोणाचे वडील सैन्यात आहेत अथवा होते, याची यादी शिक्षकाने केल्यास ती पुढे उपयोगी पडते. माजी सैनिकांच्या पाल्यांना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहे आहेत. ही माहिती घरापर्यंत पोहोचविणारा माणूस बहुधा शिक्षकच असतो.

ग्रामसभेचा अधिकार याहून मोठा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. वीरपत्नीला ध्वजवंदनाला बोलवावयाचे आणि हळदीकुंकवाला टाळावयाचे, ही विसंगती कायद्याने दूर होणारी नाही. ती गावाच्या ठरावाने व वागणुकीनेच दूर होईल.

काय करता येईल

निवृत्तिवेतन मंजूर करणे ग्रामपंचायतीच्या अधिकारात नाही. परंतु तीन गोष्टी कोणत्याही ग्रामपंचायतीला विशेष खर्चाविना करता येतील. पहिली, गावातील सेवारत जवान, माजी सैनिक व विधवा यांची एक नोंदवही ठेवावी. तीत नावे सैन्याच्या अभिलेखानुसार लिहावीत व वर्षातून एकदा ती तपासावीत. दुसरी, निवृत्तिवेतनधारकाला दर वर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला गावच्या सेवा केंद्रातून देण्यास वृद्धांना मदत करावी. ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीमुळे हे काम आता गावाजवळ होऊ शकते. पण थरथरत्या बोटांच्या माणसाला सोबतीची गरज असते. तिसरी, एका सदस्याने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क ठेवण्याची जबाबदारी घ्यावी.

अपशिंग्याच्या स्तंभाने गेलेल्यांची आठवण जपली आहे. जे परत आले आणि ज्यांच्या घरचे परत आले नाहीत, त्यांची काळजी जपण्याचे काम दप्तराचे आहे. त्या दप्तरात एक नाव अचूक लिहिले गेले, तर एका घराची चूल विझण्यापासून वाचते. गावाने सैनिकाला द्यावयाचा तो पहिला मान होय.