प्रारब्ध आणि क्रियमाण

सज्जनहो, ‘प्रारब्धात असेल ते होईल’ हे वाक्य आपल्या तोंडी फार सोपे होऊन बसले आहे. दुकान बुडाले, प्रारब्ध! मुलगा व्यसनाला लागला, प्रारब्ध! शेजाऱ्याची चूल पेटली नाही, तर तेही त्याचे प्रारब्ध! शास्त्राला हे मान्य आहे काय, तेवढे आज पाहू.

शास्त्र कर्माचे तीन प्रकार सांगते. अनेक जन्मांचे साठलेले ते संचित. त्यातले या देहात भोगायला आलेले ते प्रारब्ध. आणि या घटकेला आपण जे करतो ते क्रियमाण. भात्यातले बाण, सुटलेला बाण आणि हातातला बाण, असा दृष्टांत वेदांती देतात. सुटलेला बाण परत येत नाही, हे खरे. पण हातातला कुठे सोडायचा, की सोडायचाच नाही, हे ठरवणारा कोण? गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्माची पाच कारणे मोजली: देह, कर्ता, इंद्रिये, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. दैव नाही असे नाही, पण ते पाचवे बरं का! आपण पहिली चार सोडून पाचव्यालाच धरून बसतो.

शीव कोळीवाड्यातल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. भरती-ओहोटी नाखव्याच्या हाती नसते. पण होडी कधी लोटायची आणि सुकाणू कुणीकडे धरायचे, हे त्याच्याच हाती. ओहोटीला दोष देत काठावर बसला, त्याला पैलतीर कसा लाभावा?

आता आमच्या तुकोबारायांकडे पाहा. इ. स. १६३० च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. पत्नी गेली, मुलगा गेला, दिवाळे निघाले. हे सारे प्रारब्ध म्हणा. पण घरात लोकांकडून येणे असलेली कर्जखते होती. महाराजांनी निम्मी धाकट्या भावाला, कान्होबांना, दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. हे क्रियमाण! दुष्काळ कुळांवरही आला होता. ‘त्यांचे भोग त्यांनी भोगावे’ असे महाराज म्हणाले नाहीत. शिवाय भावाच्या हिश्श्याला हातही लावला नाही. परोपकार करायचा तो आपल्या पदरचा, दुसऱ्याच्या नव्हे.

यातले मर्म असे की, प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखात हात आखडण्यासाठी नाही. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाब-सिंधकडची घरदार गमावलेली माणसे याच शीव कोळीवाड्यात येऊन राहिली. इथल्या रेल्वे स्थानकाला आज गुरु तेग बहादूर नगर म्हणतात. फाळणी काही त्यांनी ओढवून घेतली नव्हती. पण पडेल ते काम करून पुन्हा संसार मांडणे त्यांच्या हाती होते, ते त्यांनी केले. आणि अशा माणसाला दारात तांब्याभर पाणी द्यायचे, की ‘भोग आहेत त्याचे’ म्हणून कडी लावायची, हे दारातल्या माणसाचे क्रियमाण. त्याचा हिशेब त्याच्याच खाती पडतो.

म्हणून माळकऱ्याने रोज हरिपाठानंतर मनाला दोनच प्रश्न विचारावे. आज माझ्या वाट्याला आले ते मी कुरकुर न करता सोसले काय? आणि माझ्या हाती होते ते मी केले काय? पहिल्यात कमी पडलो तर पांडुरंग सांभाळून घेईल. दुसऱ्यात मात्र ‘प्रारब्ध’ हे उत्तर चालत नाही.

रामकृष्ण हरि.