काळं पान, पांढरा चीक

बागेत काळसर पानांचं झुडूप लावायची हौस असेल, तर त्याचा रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी एक पान तोडा आणि देठातून काय निघतं ते बघा. जालन्यात आम्ही घर बांधलं, तेव्हा कुंपणालगतच्या पट्ट्यात गर्द जांभळ्या पानांची रांग हवी, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. रांग झाली, दिसायलाही देखणी झाली आणि तिच्यापायी आमच्या घरातल्या एका माणसाची नजर जाता जाता राहिली. हे वाचून एकाचा जरी डोळा वाचला, तरी लिहिण्याचं चीज झालं.

मला खरं तर हवं होतं एल्डर. इंग्लंडला असलेल्या भाचीच्या परसात त्याचं ‘ब्लॅक लेस’ नावाचं वाण आहे. केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात ते तयार झालं. पानं कातरकाम केल्यासारखी बारीक आणि जवळजवळ काळी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यावर फिकट गुलाबी फुलांचे चपटे झुबके येतात. तिनं फोटो पाठवले आणि मी तिला इकडे येताना बी घेऊन यायला सांगितलं. तिनं आणलं नाही, ते बरंच झालं. परदेशातून बी, रोप, फांदी काहीही आणायचं तर परवाना लागतो आणि झाड निरोगी असल्याचा त्या देशाचा दाखला लागतो. २००३ सालचा केंद्र सरकारचा वनस्पती संगरोध आदेश तसं सांगतो. बॅगेत लपवून आणलेल्या एका फांदीबरोबर कुठली कीड, कुठला रोग येईल, याचा नेम नसतो. बदनापूर-अंबडकडच्या मोसंबीवाल्यांना आधीच कमी रोग नाहीत.

शिवाय बी आणून उपयोगही नव्हता. ‘ब्लॅक लेस’ची रोपं छाटावरूनच करतात, बियातून तोच रंग येईल याचा भरवसा नाही. १९६४ पासून महिको ही बियाणे कंपनी ज्या गावात आहे आणि संकरित बियाण्यावर ज्या गावानं नाव कमावलं, त्या जालन्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. त्यातून ते बी काही महिने थंडीत राहिल्याशिवाय उगवत नाही. झाडालाही गारठ्याची झोप लागते आणि मुळाशी कायम ओल लागते. आपली चुनखडीची जमीन त्याला एक वेळ चालेल. चालत नाही तो चाळिशीच्या पुढे जाणारा मे महिना आणि तोंड पोळणारा कोरडा वारा. एल्डरची काही भावंडं हिमालयात वाढतात, मराठवाड्यात त्याला जागा नाही.

आणखी एक. हे झाड तिकडेही अगदी निरुपद्रवी नाही. त्याची फळं शिजवून खातात, फुलांचं सरबत करतात. पण पानं, फांद्या आणि कच्ची फळं विषारी असतात. १९८३ साली कॅलिफोर्नियात पाना-फांद्यांसकट फळं ठेचून काढलेला रस काही लोक प्यायले. त्यातल्या आठ जणांना हेलिकॉप्टरनं रुग्णालयात न्यावं लागलं.

एल्डरचा नाद सोडून मी फोटो घेऊन रोपवाटिकेत गेले. विक्रेता म्हणाला, “मॅडम, हे घ्या, सेम तसंच.” नाव विचारलं तर म्हणाला, “लाल पत्ता.” ते रोप होतं युफोर्बिया कोटिनिफोलियाचं, हे पुढे कळलं. मूळ मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातलं. लांब देठाची, गोलसर, वाईनच्या रंगाची पानं, एकेका पेरावर तीन-तीन. आपल्या शेराचं आणि त्रिधारी निवडुंगाचं हे सख्खं भावंड, म्हणजे चीक आलाच. रोपवाटिकेत त्याबद्दल अवाक्षर निघालं नाही.

झाड मात्र नंबर एक. पाणी कमी मिळालं तरी तक्रार नाही, कीड नाही, खोचलेली फांदीसुद्धा फुटते. गल्लीतल्या शेळ्याही फिरकत नसत. ज्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही त्याची चौकशी आधी करावी, हा यातला पहिला धडा.

पावसाळ्यानंतर रांग डोक्याच्या वर गेली. दसऱ्याच्या साफसफाईत दीर मोठी कात्री घेऊन उभे राहिले. वरची फांदी कापली आणि चिकाचा थेंब थेट डोळ्यात. त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळा पुसला. त्या बाहीलाही चीक लागलेला होता. “वहिनी, मिरची गेल्यावानी होतंय,” म्हणत ते मोरीत आले. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. पिंपाच्या तळातलं तांब्या-दोन तांबे मारलं. शेजारून कुणी गुलाबपाणी सुचवलं, कुणी दुधाचे थेंब. दुपारी थोडं बरं वाटलं म्हणून सगळेच निवांत झालो. रात्री डोळा उघडेना, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. सकाळी नेत्रतज्ज्ञांनी तपासलं तर बुबुळावरची पातळ पारदर्शक साल चिकानं सोलली गेली होती. त्यांनी विचारलं, “कोणत्या झाडाचा चीक?” आम्हाला ‘लाल पत्ता’ यापलीकडे काही सांगता येईना. औषधांनी डोळा बरा झाला आणि नजर परत आली. प्रत्येकाचं नशीब एवढं चांगलं असेलच असं नाही.

युफोर्बियाच्या चिकाचं दुखणं असंच चढत जातं. सुरुवातीला नुसती आग, मग काही तासांनी सूज, वेदना आणि धूसर दिसणं. उपचार वेळेवर झाले तर बहुतेक डोळे सुधारतात. हयगय केली तर बुबुळावर कायमचा डाग राहू शकतो. रुईच्या चिकाची तऱ्हा वेगळी. तो गेला तर कधी कधी फारसं दुखतही नाही, पण दिसायला धुरकट होतं. म्हणून वेदना किती आहे यावर अंदाज बांधू नये. रुईपासून लांब राहायला आपल्याकडे लहान पोरांनाही शिकवलेलं असतं. रोपवाटिकेतून पिशवीत बसून आलेल्या झाडाबद्दल मात्र मोठ्यांनाही कुणी सांगत नाही.

कुठलाही चीक डोळ्यात गेला तर डोळा चोळू नका. डोकं एका बाजूला कलवून, पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची सतत धार सोडा. एखादा तांब्या पुरत नाही, पंधरा-वीस मिनिटं धुवायला हवं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून छाटणीला हात घालण्याआधी स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या भरून जवळ ठेवा. लेन्स असतील तर काढा. गुलाबपाणी, दूध, मध, तूप यातलं काहीही घालू नका. मेडिकलवाल्याकडून परस्पर थेंबही आणू नका. स्टिरॉइडचे थेंब सोललेल्या बुबुळावर उलटू शकतात आणि बधिर करणारे थेंब दुखणं झाकून जखम वाढवतात. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, जाताना झाडाची डहाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या किंवा तिचा फोटो न्या. अंगाला चीक लागला तर तो वाळण्याआधी साबणानं धुवा, नाहीतर फोड येतात.

झाड काढायचं असेल तर डोळे चारही बाजूंनी झाकणारा पारदर्शक चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. जालन्यासारख्या स्टीलच्या कारखान्यांच्या गावात असा चष्मा हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. डोक्यावरची फांदी खाली उभं राहून कापू नका. बुंधा ठेवला तर पुन्हा फुटतो, तेव्हा मुळासकट खणून काढा. पाला जाळू नका, धूरही झोंबतो. विहिरीत, हौदात, शेततळ्यात तर अजिबात टाकू नका. दक्षिण अमेरिकेत याच चिकाचा वापर पाण्यातले मासे बधिर करून पकडायला होत असे. खोल खड्ड्यात पुरा. मजुराला काम देणार असाल तर चष्मा आणि हातमोजे तुम्हीच द्या आणि चिकाबद्दल आधीच सांगा. त्याच्या डोळ्याची किंमत आपल्या बागेपेक्षा मोठी आहे.

मग काळसर पानांची हौस सोडायची का? मुळीच नाही. आता आमच्या कुंपणाला अ‍ॅकॅलिफा आहे. तांबूस-जांभळी पानं आणि दांड्यात पांढरा चीक नाही. मोरीच्या पाण्यावर काळसर पानांची कर्दळ आहे. तिला पाणी भरपूर लागतं आणि त्या जागी ते आयतंच मिळतं. दारात काळी तुळस. पावसाळ्यात लाल देठाची अंबाडी, तिची भाजीही होते आणि लाल बोंडांचं सरबतही. क्रोटन हवा असेल तर दुपारनंतर सावली येणाऱ्या कोपऱ्यात ठेवा, उन्हाळ्यातल्या वाऱ्यात तो पानं टाकतो. लहान मूल किंवा कुत्रं पानं चघळणार नाही एवढं बघा. लाल एरंड दिसायला राजबिंडा असला तरी त्याच्या बिया जीवघेण्या असतात, पोरांच्या घरात नको.

रंगाचं गणितही ध्यानात ठेवा. पानांचा गर्दपणा उन्हावर अवलंबून असतो. दाट सावलीत हीच पानं हिरवट पडतात आणि पश्चिमेच्या भिंतीशी दुपारच्या उन्हात कडा करपतात. सकाळचं ऊन आणि दुपारनंतरची सावली, ही जागा जालन्यात सगळ्यात चांगली.

रोपवाटिका चालवणाऱ्यांना एवढंच म्हणणं आहे की, रोपासोबत त्याचं खरं नाव आणि चिकाची सूचना असलेली चिठ्ठी द्या. आणि तुमच्या शाळेच्या, अंगणवाडीच्या किंवा सोसायटीच्या आवारात हे लाल-जांभळं झुडूप असेल, तर येत्या मोठ्या सुट्टीत, मुलं नसताना, ते मुळासकट काढून टाका.