थांबता येतं ते हत्यार घे

अगं, तुझा निरोप वाचला. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर आले, ईएल८४ ची जोडी आली, ॲल्युमिनियमचा डबाही आला. आणि गाडी अडलीय ती भोकांपाशी. वर्गातला एक जण म्हणतो होल सॉचा, म्हणजे दातेरी वाट्यांचा, संच घे, दुसरा म्हणतो इंजिनिअरिंग कॉलेज चौराह्यापाशी कुणा वेल्डिंगवाल्याकडे टाकून मोकळी हो. तू लखनौला जानकीपुरममध्ये भाड्याच्या खोलीत राहतेस, हातात मोजके पैसे आहेत, आणि हे सगळं घरी अजून सांगितलेलं नाहीस. तर जरा माझं ऐक. मी जे सांगणार आहे ते दुकानदार सांगत नाही, कारण त्यात त्याचा फायदा नाही.

दुकानात जायच्या आधी कागद घे आणि भोकांची यादी कर. तुझ्या ॲम्प्लिफायरला तीन व्हॉल्व्ह: दोन ईएल८४ आणि एक ईसीसी८३. तिन्ही नऊ पिनांचे, म्हणजे एकाच मापाची तीन मोठी भोकं. प्रत्येक सॉकेटला दोन स्क्रू, म्हणजे बारीक भोकं सहा. तीन ट्रान्सफॉर्मरचे चार-चार बोल्ट, म्हणजे बारा. स्पीकरचे टर्मिनल चार, आरसीए दोन, व्हॉल्यूमचा पॉट, स्विच, फ्यूज होल्डर. मागे मेनच्या वायरीचा चौकोनी सॉकेट एक, त्याचे दोन स्क्रू. बेरीज तीसच्या वर गेली ना? आणि त्यात मोठी गोल भोकं फक्त तीन, चौकोनी एक. बाकीची सगळी साध्या ड्रिल बिटने होणारी. ज्या होल सॉच्या संचासाठी तू महिन्याचा खर्च मोडायला निघाली होतीस, त्यातली एकच वाटी तुझ्या कामाची होती.

आता मापं. नऊ पिनांच्या सॉकेटला साधारण २२ मिमीचं भोक लागतं, पण काही सॉकेट १९ मध्येही बसतात. उद्या ६व्ही६ किंवा ईएल३४ वर गेलीस तर आठ पिनांचा ऑक्टल सॉकेट येईल, त्याला २८ ते ३० मिमी. म्हणून पुस्तकातल्या आकड्यावर जाऊ नकोस. सॉकेट हातात घे आणि व्हर्नियरने मोज. पत्र्याची जाडीही मोज. बाजारात पत्रा गेजमध्ये बोलतात: १६ गेज म्हणजे १.६ मिमी, १८ गेज म्हणजे १.२, १४ गेज म्हणजे २ मिमीच्या जवळ. ॲल्युमिनियम की लोखंडी पत्रा, आणि जाडी किती, या दोन उत्तरांवर अर्धी निवड होऊन जाते.

उरलेल्या अर्ध्यासाठी माझी कसोटी एकच आहे. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. म्हणून कुठल्याही हत्याराला विचारायचं, ‘तुला मधेच थांबवता येतं का?’ किती वेगात कापतं हा प्रश्न कारखान्यातला. दिवसाला शंभर डबे करणाऱ्याने तो विचारावा. तुला एकच डबा करायचाय.

या कसोटीवर पहिला नंबर स्टेप ड्रिलचा. पायऱ्या पायऱ्यांचा शंकू असतो तो. ४ ते ३२ मिमीचा घेतलास तर दोन-दोन मिमीच्या पायऱ्यांनी तो वाढत जातो, आणि २२ ची पायरी त्यात असते. प्रत्येक पायरी पत्र्यातून पार झाली की हाताला कळतं. तिथे थांबायचं, सॉकेट लावून बघायचा, मग पुढची पायरी. भोक गोल येतं, कडा बऱ्यापैकी साफ येते. घेताना दोन गोष्टी बघ. पायरीची उंची तुझ्या पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त हवी, नाहीतर खालची कड कापायच्या आत वरच्या कडेला पुढची पायरी लागते. आणि त्याचा दांडा तुझ्या मशीनच्या चकमध्ये मावायला हवा. मोठ्या स्टेप ड्रिलचा दांडा जाड असतो आणि घरगुती मशीनचा चक बऱ्याचदा १० मिमीचाच. ॲल्युमिनियमला हे हत्यार अगदी सोयीचं. जाड लोखंडी पत्र्यावर मात्र ते लवकर तापतं आणि बोथट होतं.

दुसरं हत्यार चॅसिस पंच. एका बाजूला धारदार टोपी, दुसऱ्या बाजूला वाटी, मधून बोल्ट. आधी बोल्टपुरतं भोक पाडायचं, पत्रा दोघांच्या मधे धरायचा आणि पाना फिरवत जायचं. पत्रा कातरला जातो आणि भोक आखल्यासारखं येतं. अमेरिकेत ग्रीनली आणि इंग्लंडात क्यू-मॅक्स या नावांवर हौशी रेडिओवाल्यांच्या पिढ्या वाढल्या. १६ गेजच्या लोखंडी पत्र्यालाही तो पुरतो. आवाज जवळजवळ नाहीच, त्यामुळे रात्री अकरा वाजता वापरलास तरी घरमालकीण वर येणार नाही. पण एका पंचाचं एकच माप, आणि किंमत चांगलीच. दर सुट्टीत नवा ॲम्प्लिफायर करणार असशील तर २२ चा एक घे. एकाच डब्यासाठी नको.

होल सॉ वाईट नाही. पातळ पत्रा, हातातलं मशीन आणि नवखा हात हे त्रिकूट वाईट. दात पत्र्यात अडकले की मशीन मनगट पिरगाळतं आणि पत्रा गरगर फिरतो. घ्यायचाच झाला तर बाय-मेटल घे. लाकडासाठीच्या स्वस्त संचातले दात लोखंडावर टिकत नाहीत. पत्रा खाली लाकडी ठोकळा ठेवून शिकंज्याने आवळायचा आणि वेग कमी ठेवायचा. फ्लाय कटर, म्हणजे एका हाताला पातं लावून गोल फिरणारा कटर, हातातल्या मशीनला कधीच लावायचा नाही. तो उभ्या ड्रिल मशीनसाठीच आहे. यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही.

चौकोनी भोकाला काही खास विकत घेऊ नकोस. रेघांच्या आत ओळीने बारीक भोकं पाड, मधला तुकडा काढ, आणि रेघेपर्यंत कानशीने ये. सपाट एक, अर्धगोल एक, दोन कानशी पुरतात. ॲल्युमिनियम कानशीच्या दातांत बसतं, म्हणून आधी कानशीला खडू घास. पुढे अशी भोकं वाढली तर निबलर घे. तो पत्र्याचे बारीक घास घेत जातो आणि हवा तिथे थांबतो.

वेगाबद्दल एवढं लक्षात ठेव: बिट जितका मोठा, फेरे तितके कमी. लोखंडी पत्र्यात ३ मिमीचा बिट मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर चालतो, पण ३० मिमीच्या भोकाला अडीचशे-तीनशे फेरे पुष्कळ. म्हणून घोड्यावरून वेग बदलणारं मशीनच घ्यायचं. ॲल्युमिनियमला रॉकेलचे थेंब, लोखंडाला कटिंग ऑइल. खूण मास्किंग टेपवर आखायची, सेंटर पंचने ठोका द्यायचा, ३ मिमीने सुरुवात करायची. चष्मा लावायचा, वेणी वर बांधायची आणि तो चिकनचा दुपट्टा आधी खुंटीला. हातमोजे घालू नकोस. फिरणारा बिट मोज्यासकट बोट ओढून घेतो.

खरेदीला लाटूश रोडला जा, हत्यारं तिथे मिळतात. सॉकेट, पॉट, टर्मिनल यांच्यासाठी नाका हिंडोला. मुंबईला असतीस तर नागदेवी स्ट्रीट आणि लॅमिंग्टन रोड म्हटलं असतं. रविवारी नक्खासच्या बाजारात जुन्या रेडिओचा लोखंडी चॅसिस मिळाला तर सरावाला आण. दुकानदार विचारेल, ‘किसके लिए चाहिए?’ सरळ सांग, ‘मेरे लिए.’ ‘भैया को भेज दीजिए’ असं कुणी म्हणालं तर शेजारच्या दुकानात जा. खिशात सॉकेट, पत्र्याचा तुकडा आणि यादी असली की बोलणं मापावर येतं. आणि मापाच्या बोलण्यात तू कुणाला ऐकणार नाहीस, हे मला माहीत आहे.

दोन कामं हत्यारांच्या यादीत नसतात, तरी ती सोडू नकोस. सगळी भोकं पाडून, बर काढून, डबा धुऊन झाल्याशिवाय आत एकही भाग बसवायचा नाही. ॲल्युमिनियमचा किस विजेचा वाहक आहे, आणि तुझ्या सर्किटमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट फिरणार आहेत. जिथून वायर जाणार तिथे रबरी ग्रोमेट हवाच. अर्थिंगच्या बोल्टभोवतीचा रंग किंवा ॲनोडायझिंग खरवडून काढ, दातेरी वॉशर घाल, आणि तिसऱ्या पिनेपासून डब्यापर्यंत जोड आहे की नाही ते मल्टिमीटरने तपास. भोक वाकडं गेलं तर डबा कुरूप दिसेल, एवढंच. अर्थिंग राहिलं तर जिवाशी खेळ आहे.

तर आत्ता घ्यायचं ते असं: वेग बदलणारं साधं मशीन, ३ ते १० मिमीचे चांगले बिट, एक स्टेप ड्रिल, सेंटर पंच, दोन कानशी, दोन शिकंजे, चष्मा. उरलेले पैसे कपॅसिटरला ठेव. वेल्डिंगवाल्याकडे टाकायचं नाही. तो भोक पाडून देईल, पण सॉकेट अर्धा मिलिमीटर अडला की तू पुन्हा त्याच्या दारात. रविवारी दुपारी माझ्याकडे ये. गच्चीवर टेबल आहे, पत्र्याचे तुकडे आहेत. पत्रा मी धरीन, मशीन तू धरायचंस.