टोमॅटोचा जिवाणूजन्य मर रोग आणि वनस्पतींचे अर्क

मुंबई उपनगरातील जुहू हा एके काळी ताडामाडांचा रेताड किनारा होता. आज तेथे शेती उरलेली नाही. टोमॅटोचे झाड दिसते ते गच्चीवरील कुंडीत किंवा बंगल्याच्या परसात. उत्तरेस मनोरीची खाडी ओलांडल्यावर गोराई, मनोरी, उत्तन आणि पुढे वसई या पट्ट्यात मात्र भाजीपाल्याची लागवड अद्याप होते. जुहूची कुंडी आणि वसईचा वाफा यांत अंतर पुष्कळ असले, तरी टोमॅटोचा एक शत्रू दोन्ही ठिकाणी सारखाच आहे. तो म्हणजे जिवाणूजन्य मर रोग. उष्ण व दमट हवा आणि ओलसर माती त्यास फार मानवते.

या रोगावर अमुक पाल्याचा रस फवारावा, तमुक अर्क ओतावा, असे सल्ले शेतकऱ्याच्या कानावर नेहमी पडतात. त्यांत तथ्य किती आणि भाबडी आशा किती, हे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. कारण चुकीच्या उपायावर आठ दिवस दवडले, तर तेवढ्या अवधीत रोग एका झाडावरून सबंध ओळीत पसरतो.

रोगाची ओळख

हा रोग आपणांस नवा नाही. पुणे जिल्ह्यात बटाट्यावर तो 1892 च्या सुमारास नोंदला गेला. बटाटा कापल्यावर आत तपकिरी कडे दिसे, म्हणून शेतकऱ्यांनी त्यास ‘बांगडी’ असे नाव दिले. रोगाच्या जिवाणूचे शास्त्रीय वर्णन अमेरिकेतील एर्विन स्मिथ यांनी 1896 मध्ये केले. आज त्यास राल्स्टोनिया सोलानासिअरम म्हणतात.

जिवाणू मातीत राहतो आणि मुळांवरील जखमांतून झाडात शिरतो. खुरपणीत तुटलेली मुळे व सूत्रकृमींनी पोखरलेली मुळे ही त्याची प्रवेशद्वारे होत. आत गेल्यावर तो पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढतो व त्या बुजवून टाकतो. त्यामुळे माती ओली असूनही झाड तहानेने मरते. प्रथम कोवळी पाने दुपारी मलूल होतात व रात्री पुन्हा टवटवीत दिसतात. पुढे पाने पिवळी न पडता, हिरवी असतानाच सारे झाड कोलमडते. हे बहुधा फुले-फळे धरण्याच्या सुमारास, म्हणजे सर्व खर्च होऊन गेल्यावर घडते.

बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगात खालची पाने आधी पिवळी पडतात आणि झाड सावकाश वाळते. दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. मलूल झाडाच्या बुडाजवळील खोडाचा सुमारे दोन इंचांचा तुकडा कापावा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन तो त्यात लटकता धरावा आणि पेला हलवू नये. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला, तर रोग जिवाणूजन्य आहे असे समजावे. ही परीक्षा प्रत्येक ग्रामसेवकाने शेतकऱ्यासमक्ष करून दाखवावी. परीक्षेनंतर ते पाणी शेतात किंवा पाटात ओतू नये.

अर्कांची मर्यादा

फवारलेला अर्क पानावर राहतो, आणि रोग असतो मुळांत व खोडाच्या आत. म्हणून मरू लागलेले झाड कोणत्याही पाल्याच्या रसाने वाचत नाही. ही गोष्ट शेतकऱ्यास प्रथमच स्पष्ट सांगावी. वनस्पतिज द्रव्यांचा उपयोग आहे, परंतु तो लागवडीपूर्वी, जमिनीसाठी आणि प्रतिबंध म्हणून.

1. ओव्याचे फूल : ओव्याच्या तेलातील उग्र वासाचे मुख्य द्रव्य म्हणजे थायमॉल. यालाच आपण ओव्याचे फूल म्हणतो. अमेरिकेत फ्लोरिडा येथे थायमॉल, रोशा गवताचे तेल व गवती चहाचे तेल यांचे प्रयोग रोगट मातीवर करण्यात आले. ते 2003 व 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. काचगृहात दर लिटर मातीस 700 मिलिग्रॅम थायमॉल मिसळले असता टोमॅटोची रोपे रोगापासून वाचली. पुढे शेतातही थायमॉलने मरीचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. त्यासाठी माती काही दिवस झाकून ठेवली होती आणि रोपे लावण्यापूर्वी ती उघडून तिला वारा लागू दिला होता. ओव्याचा काढा करून फवारल्याने हे फळ मिळणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

2. मोहरी : मोहरीचे हिरवे पीक बारीक चिरून ओल्या मातीत गाडले असता तिखट वासाची द्रव्ये सुटतात. ती मातीतील अनेक रोगजंतूंना मारक ठरतात.

3. झेंडू व निंबोळी पेंड : यांचा मुख्य उपयोग सूत्रकृमींविरुद्ध आहे. सूत्रकृमी कमी झाले म्हणजे मुळांवरील जखमा कमी होतात व जिवाणूस वाट मिळत नाही. निंबोळी अर्काची फवारणी ही किडींसाठी आहे. ती मर रोगाचे औषध नव्हे.

4. लसूण : पानांवर काळसर, पाणथळ ठिपके पाडणारा जिवाणूजन्य करपा हा निराळा रोग आहे. तो पानांवर व फळांवर असल्यामुळे तेथे फवारणीस वाव आहे. लसूण ठेचल्यावर त्यात ॲलिसिन नावाचे जंतुघ्न द्रव्य तयार होते, परंतु ते फार काळ टिकत नाही. म्हणून अर्क ताजा करून त्याच दिवशी वापरावा. आधी दोन-तीन झाडांवर फवारून दोन दिवस पाहावे. पाने करपली नाहीत, तरच पुढे जावे.

पिकाचे खरे रक्षण

अर्कांवर सगळी भिस्त न ठेवता पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(अ) ज्या वाफ्यात मर दिसली तेथे टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा पुन्हा लावू नयेत. भात किंवा मका घ्यावा. पाणी साचलेल्या भातखाचरात हा जिवाणू कमी होतो.

(आ) अर्का रक्षक, अर्का आभा यांसारख्या, मर रोगास दाद न देणाऱ्या जाती निवडाव्यात. जेथे रोग दरवर्षी येतो, तेथे वांग्याच्या रोगप्रतिकारक खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपे वापरावीत. तैवान येथील जागतिक भाजीपाला केंद्राने या पद्धतीची शिफारस केली आहे.

(इ) करप्याचे जिवाणू बियांबरोबर येतात. त्यासाठी बी 50 अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात 25 मिनिटे ठेवावे. उष्णतामापक यंत्राशिवाय हे करू नये, अन्यथा बी मरते.

(ई) रोगट झाड मुळांभोवतीच्या मातीसह काढून जाळावे. ते पाटात किंवा उकिरड्यावर टाकणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात रोग पेरणेच होय. कोयता, खुरपे ही अवजारे धुऊन मगच पुढील वाफ्यात न्यावीत. कुंडीतील रोगट माती दुसऱ्या कुंडीत घालू नये.

एक छोटा प्रयोग

ग्रामसेवकांनी कोणताही अर्क गावास सुचविण्यापूर्वी स्वतः पडताळून पाहावा. एकाच रोगट वाफ्याची मोठी माती घेऊन सहा कुंड्या भराव्यात. दहा लिटर मातीच्या तीन कुंड्यांत प्रत्येकी 7 ग्रॅम ओव्याच्या फुलाची बारीक पूड मिसळावी. हे काम करताना डोळे व हात जपावेत. सहाही कुंड्या प्लॅस्टिकने आठवडाभर झाकाव्यात व पुढील आठवडा उघड्या ठेवाव्यात. नंतर सर्वांत एकाच जातीची रोपे लावावीत आणि दर आठवड्यास किती मेली ते वहीत टिपावे. तीन कुंड्यांत अर्क नसल्यामुळेच अर्काचे खरे मोल कळते. असा प्रयोग गच्चीवर होतो, तसाच शेताच्या बांधावरही होतो. प्रयोग संपल्यावर ती माती शेतात टाकू नये.

पिढ्यान्पिढ्या घरात असलेला ओवा, लसूण व झेंडू यांचा मान राखावा, परंतु प्रत्येकास त्याचे योग्य काम द्यावे. प्रथम खोडाचा तुकडा पाण्यात धरून रोग ओळखावा, मगच उपाय योजावा. ज्या शेतकऱ्याने पहिले मलूल झाड त्याच दिवशी उपटून जाळले, त्याची उरलेली ओळ वाचण्याची आशा अधिक असते.