वाचनाचा मान की वाचनाची सेवा?



सण जवळ आला की धर्मगुरूंकडे एक प्रश्न हमखास येतो : "फादर, यंदा पहिलं वाचन कोणाकडे?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण वाचन हा एक मान आहे आणि तो पाळीपाळीने वाटायचा असतो, अशी समजूत त्यामागे असते. कधी तो देणगीदाराला द्यायचा, कधी परदेशातून आलेल्या पाहुण्याला, कधी लग्नघरच्या मंडळींना. ख्रिस्तसभा या गोष्टीकडे निराळ्या नजरेने पाहते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. वेदीसेवक, वाचक, निवेदक आणि गायकवृंद हे खरीखुरी उपासनेची सेवा बजावतात, असे त्यात म्हटले आहे (क्र. २९). म्हणजे वाचक हा फादरांना हातभार लावणारा मदतनीस नव्हे. स्नानसंस्काराने मिळालेला अधिकार आणि कर्तव्य तो बजावत असतो. त्याच दस्तऐवजाच्या ७ व्या परिच्छेदात याहून मोठी गोष्ट आहे : चर्चमध्ये पवित्र शास्त्र वाचले जाते तेव्हा स्वतः ख्रिस्त बोलत असतो. हे आपण खरे मानत असू, तर मिस्सा सुरू होण्याआधी दोन मिनिटे "जरा एक वाचन करशील का?" असे कोणाला विचारणे शोभत नाही.

ही सेवा फार जुनी आहे. एज्राने लाकडी मंचावर उभे राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले आणि लोकांना ते समजेल अशी काळजी घेण्यात आली (नहेम्या ८). प्रभू येशू नाझरेथच्या सभास्थानात वाचायला उभा राहिला (लूक ४). इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये लिहिताना संत जस्टिन रविवारच्या उपासनेत वाचकाचा वेगळा उल्लेख करतात. पुढे कित्येक शतके 'वाचक' ही धर्मगुरू होण्याच्या वाटेवरची एक पायरी होऊन बसली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी ती प्रापंचिक पुरुषांसाठी खुली केली, आणि १० जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांसाठीही. आपल्याकडे भगिनी वाचने करीत होत्याच, पण ती तात्पुरती नेमणूक होती. आता महागुरूस्वामी विधिपूर्वक त्यांनाही कायमस्वरूपी वाचकपद देऊ शकतात. शुभवर्तमान मात्र डीकन किंवा धर्मगुरूच वाचतात.

संत ऑगस्टिन यांनी एका प्रवचनात आवाज आणि शब्द यांत भेद केला आहे. बाप्तिस्मा करणारा योहान हा आवाज आणि ख्रिस्त हा शब्द. आवाज हवेत विरतो, शब्द ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात राहतो. वाचकाने हा भेद ध्यानात ठेवावा. मिस्सानंतर "काय सुंदर आवाज!" एवढेच लोक म्हणाले, तर योहान लक्षात राहिला आणि ख्रिस्त राहून गेला, असे म्हणावे लागेल.

आणि आवाज नीट पोहोचलाच नाही तर? शेवटच्या बाकावरच्या आजीचा विचार करा. घरी ती कादोडी किंवा वाडवळी बोलते. पुस्तकातले मराठी तिला थोडे परके. संत पौलाचे एक वाक्य सहा ओळींचे. वाचकाने ते एका दमात ओढले तर तिच्या हाती काहीच लागत नाही. तिच्याकडे मोबाइलवर वाचन शोधायची सोय नाही. म्हणून वाचन आदल्या दिवशी घरी मोठ्याने वाचा. बोलणारा कोण, रागावलेला आहे की समजावणारा, हे आधी आपल्याला कळले पाहिजे. पेन्टेकॉस्टच्या वाचनातील पार्थी, मेदी, एलामी, फ्रुगिया, पंफुल्या ही नावे वाचनपीठावर पहिल्यांदा भेटली तर भल्याभल्यांची जीभ अडखळते! लाल अक्षरांतील सूचना वाचायच्या नसतात. वाचन संपल्यावर क्षणभर थांबून मगच शेवटची घोषणा करावी. प्रतिसाद स्तोत्र गाता आले तर उत्तमच.

लग्नाच्या आणि मृताच्या मिस्सात प्रश्न अधिक नाजूक असतो. ज्याचे वडील शवपेटीत समोर आहेत, त्या मुलाला वाचायला उभे करणे मला कठोर वाटते. नातलगांनी अर्पणे आणावीत, वाचन तयारीच्या वाचकाने करावे. यामुळे कोणी नाराज होईल, याची मला कल्पना आहे. तरीही यापुढे आपल्या धर्मग्रामात सणाला, लग्नाला आणि रविवारी, सराव केलेल्यांनाच वाचन दिले जाईल.

सराव दर शुक्रवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर चर्चमध्येच, माइक चालू ठेवून होईल. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने शेवटच्या बाकावर पुस्तक न घेता बसून काय ऐकू आले ते सांगायचे. गेली कित्येक वर्षे तीच पाच-सहा मंडळी वाचत आहेत. त्यांचे आभार, आणि त्यांनी या नव्यांना शिकवावे ही विनंती. दृढीकरण झालेल्या तरुण-तरुणींनी आणि 'मला कोण विचारणार' म्हणून मागे राहिलेल्या गृहिणींनी व कामगार बांधवांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत.