डासजन्य विषाणूज्वर आणि टी-पेशींचे व्याधिक्षमत्व

पावसाळा सरताना जुना जालन्यातील दवाखान्यांत व औषध दुकानांत "प्रतिकारशक्ती वाढविणारे काही द्या" ही मागणी नित्याची असते. साठविलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डासाची पैदास होऊन डेंग्यू व चिकुनगुन्या पसरतात. या मागणीमागील कल्पना कितपत शास्त्रीय आहे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

चक्रपाणिदत्तांनी व्याधिक्षमत्वाचे व्याध्युत्पाद-प्रतिबंधकत्व व व्याधिबल-विरोधित्व असे दोन पैलू सांगितले आहेत. आधुनिक शास्त्रानुसार प्रतिपिंडे विषाणूला पेशीबाहेरच अडवितात. टी-पेशी बाधित पेशी ओळखून नष्ट करतात, म्हणजे जडलेल्या रोगाचे बल मोडतात. हे साम्य केवळ आकलनापुरते घ्यावे.

डेंग्यू विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला अपुरी चिकटल्यास त्याच्या पेशीप्रवेशास साहाय्यच करू शकतात. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक गंभीर होण्याचा संभव असतो. मारक टी-पेशींचा रोख मुख्यतः विषाणूच्या असंरचनात्मक प्रथिनांवर असतो आणि ही प्रथिने चारही उपप्रकारांत बरीचशी समान असतात. फिलिपाइन्समध्ये 2016 साली शालेय मुलांना दिलेल्या लसीत ही प्रथिने डेंग्यूची नसून पीतज्वर विषाणूची होती. पूर्वी डेंग्यू न झालेल्या मुलांत त्या लसीने गंभीर आजाराचा धोका वाढतो, हे 2017 मध्ये जाहीर झाले. टी-पेशींचा अपुरा प्रतिसाद हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

याची दुसरी बाजूही आहे. बार्शी येथे 1973 मध्ये व महाराष्ट्रात 2006 मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ आली. या रोगातील सांध्यांच्या सुजेस टी-पेशींचाही हातभार लागतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. तात्पर्य, प्रतिकार केवळ वाढून भागत नाही. तो योग्य लक्ष्यावर, योग्य वेळी व योग्य प्रमाणात व्हावा लागतो.

म्हणून व्यवसायबंधूंनी पूर्वी डेंग्यू झाला होता काय, हे अवश्य विचारावे व ज्वराचे दिवस मोजावेत. साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवशी ज्वर उतरतो, तोच काळ धोक्याचा. तीव्र पोटदुखी, वारंवार उलट्या, रक्तस्राव वा अस्वस्थता दिसताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. औषध विक्रेत्यांनी डेंग्यूची शंका असता अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये. गुळवेलीचा काढा सुरू आहे म्हणून निरीक्षणात खंड पडू देऊ नये, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.