कंपवात, कपिकच्छू आणि मात्रेचा विवेक

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या चोपडा परिसराला कपिकच्छू नवी नाही. पावसाळ्यात झाडाझुडपांवर खाजकुयलीचे वेल चढतात आणि त्यांच्या शेंगांवरील लव अंगाला लागली म्हणजे काय होते, हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. बल्य, वृष्य आणि वातघ्न म्हणून कवचबीज आपण सर्वच वापरतो. त्याचे चूर्ण औषधी दुकानात सहज मिळते. या जुन्या परिचयामुळेच त्याच्या मात्रेविषयी आपण काहीसे निर्धास्त झालो आहोत. कंपवातावर झालेले आधुनिक संशोधन पाहता ही निर्धास्तता योग्य नाही, असे आमचे मत झाले आहे. प्रस्तुत लेखात त्या संशोधनाचा परामर्श घेऊन आपल्या व्यवहारात काय बदलावे, याचा विचार करू.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी ६८ वर्षांचे एक केळी-बागायतदार आमच्याकडे आले. उजव्या हाताला विश्रांतीच्या वेळी कंप, गतिमंदता, अंगाचा ताठरपणा आणि मलावरोध अशी लक्षणे होती. शहरातील मज्जाविकारतज्ज्ञांच्या गोळ्या दिवसातून तीन वेळा सुरू होत्या. त्या गोळ्यांत कोणते घटक आहेत, हे आम्ही पाहिले नाही. कवचबीज चूर्ण दोन चमचे, दोन वेळा, पाण्यातून सुरू केले. पहिले तीन-चार दिवस रुग्ण उत्साही दिसला, कंपही घटला. आठव्या दिवशी मात्र मान, खांदे व चेहरा यांच्या अनैच्छिक वळवळत्या हालचाली सुरू झाल्या. मळमळ, उठताना भोवळ आणि रात्री घरात नसलेली माणसे दिसणे, ही लक्षणेही आली. चूर्ण थांबवून, मूळ गोळ्या तशाच ठेवून तज्ज्ञांशी संपर्क साधला, तेव्हा प्रकृती पूर्ववत झाली. चूक गोळ्यांची नव्हती, कपिकच्छूचीही नव्हती. ती आमची होती.

संशोधनाचा मागोवा

माधवनिदानात वातव्याधींमध्ये 'वेपथु' सांगितला आहे. पाश्चात्त्य वैद्यकात लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या व्याधीवर निबंध लिहिला. मात्र मेंदूत नेमके काय घडते, हे कळण्यास त्यानंतर सुमारे १४० वर्षे लागली आणि त्या शोधात आपल्याच सर्पगंधेचा हातभार आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. स्वीडनचे मज्जाशास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना डोपा टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामिन या द्रव्याचा हालचालींशी संबंध आहे, हे यातून उलगडत गेले. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे एरिंगर आणि हॉर्नीकिविच यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची मोठी घट दाखवून दिली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले.

डोपामिन पोटातून दिल्यास मेंदूपर्यंत पोचत नाही. त्याचे पूर्वद्रव्य लेव्होडोपा मात्र पोचते. हेच लेव्होडोपा कपिकच्छूच्या बीजात असल्याचे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखवले होते. तेव्हा त्याचे मोल कोणाला कळणे शक्य नव्हते.

हे दोन धागे जुळवण्याचे महत्त्वाचे काम मुंबईत झाले. डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवरील कपिकच्छूच्या उपयोगाची निरीक्षणे १९७८ मध्ये 'न्यूरॉलॉजी इंडिया'त प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेतील भारतीय वंशाचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. बाला मण्यम यांनी १९९० मध्ये आयुर्वेदातील कंपवात आणि लेव्होडोपा यांचा संबंध मांडला. 'एचपी-२००' या बीजचूर्णाच्या प्रमाणित कल्पाचा बहुकेंद्री अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६० रुग्ण होते. पैकी ३४ जणांनी पूर्वी लेव्होडोपा घेतले नव्हते. ७.५ ग्रॅमची पुडी पाण्यात कालवून दिवसातून ३ ते ६ वेळा, १२ आठवडे देण्यात आली. लक्षणांत लक्षणीय सुधारणा झाली. त्रास प्रामुख्याने पचनसंस्थेचे व सौम्य होते. मात्र या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

२००४ मध्ये लंडन येथे ८ रुग्णांवर तुलनात्मक प्रयोग झाला. ३० ग्रॅम कल्पाचा गुण सुमारे ३५ मिनिटांत आला, तर नेहमीच्या गोळ्यांचा सुमारे ६९ मिनिटांत. गुण टिकण्याचा काळही सुमारे ३७ मिनिटांनी अधिक होता. हा निष्कर्ष आपण आनंदाने सांगतो. परंतु इटलीचे डॉ. रॉबर्टो सिलिया आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही सांगितला पाहिजे. दीर्घकाळ रोज कपिकच्छू घेणाऱ्या १४ रुग्णांपैकी ७ जणांनी ते मध्येच सोडले: चौघांनी पचनाच्या त्रासामुळे, तिघांनी हालचाली बिघडत गेल्यामुळे. गोळ्या कोणीही सोडल्या नाहीत.

आमच्या रुग्णाला त्रास का झाला?

केवळ लेव्होडोपा पोटात गेले, तर त्याचा बराचसा भाग मेंदूबाहेरच डोपामिनमध्ये बदलतो. त्यामुळे मळमळ होते आणि मेंदूच्या वाट्याला अल्पांश येतो. म्हणून प्रचलित गोळ्यांत कार्बिडोपा मिसळलेले असते. ते हे बाहेरील रूपांतर रोखते आणि लेव्होडोपाची आवश्यक मात्रा सुमारे पाऊणपट घटते. आता, ज्याच्या शरीरात कार्बिडोपा आधीच आहे, त्याला कपिकच्छू दिली तर त्या संरक्षणाचा लाभ तिच्यातील लेव्होडोपालाही मिळतो. जी मात्रा एरवी मध्यम ठरली असती, ती अतिमात्रा होते. एचपी-२०० च्या एका पुडीत सुमारे २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा असते. दोन चमचे साध्या चूर्णात ते किती होते, हे आम्ही मोजलेच नव्हते.

चिकित्सकांसाठी

१. कंपवाताच्या प्रत्येक रुग्णाच्या सुरू असलेल्या गोळ्यांची नावे व घटक स्वतः वाचावेत. लेव्होडोपा-कार्बिडोपा सुरू असल्यास संबंधित तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय कपिकच्छू देऊ नये.

२. सुरू असलेल्या गोळ्या एकाएकी बंद करू नयेत. तीव्र ज्वर, ताठरपणा व मोह असा प्राणघातक उपद्रव संभवतो.

३. वाजीकरणार्थ दूध हे योग्य अनुपान होय. कंपवातात मात्र प्रथिनांतील घटक लेव्होडोपाच्या शोषणात स्पर्धा करतात. तेथे जेवण व दूध यांपासून अंतर ठेवून पाण्यातून देणे अधिक युक्त.

४. रुग्ण सर्पगंधायुक्त कल्प घेत आहे काय, हे अवश्य विचारावे. रिसर्पिनमुळे कंपवातासारखीच लक्षणे उत्पन्न होऊ शकतात. मानसिक व्याधींवरील काही आधुनिक औषधांनीही असेच घडते.

५. मतिभ्रम, काचबिंदू किंवा उभे राहताना रक्तदाब उतरणे असा इतिहास असल्यास विशेष सावध असावे.

६. लेव्होडोपा, मग ते गोळीतील असो वा बीजातील, लक्षणे कमी करते. मेंदूतील पेशींचा ऱ्हास त्याने थांबतो, असे सिद्ध झालेले नाही. रुग्णाला तसे आश्वासन देऊ नये.

औषधालयांसाठी

बीजातील लेव्होडोपाचे प्रमाण जात, पक्वता व साठवण यांनुसार बदलते. भिजवणे व उकळणे यांनीही ते घटते. म्हणून शोधित व अशोधित चूर्ण समान मानू नये. ओलावा व हवा लागल्यास लेव्होडोपा काळवंडून निकामी होते. चूर्ण कोरड्या, हवाबंद, अपारदर्शक पात्रात ठेवावे. कंपवातासाठी माल द्यावयाचा असल्यास प्रत्येक घाण्याची तपासणी करून लेव्होडोपाचे प्रमाण वेष्टनावर छापावे. 'वनस्पतिजन्य, म्हणून निर्धोक' अशी जाहिरात कपिकच्छूबाबत तरी करू नये. ग्राहकाने कंपवातासाठी चूर्ण मागितल्यास 'इतर गोळ्या सुरू आहेत का?' एवढा प्रश्न गल्ल्यावर बसलेल्याने विचारला, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

द्रव्य जितके वीर्यवान, तितकी मात्रेची जबाबदारी मोठी. कपिकच्छूत औषध आहे हे प्रयोगशाळेने मान्य केले. आता ते औषधासारखे मोजून देणे आपल्याकडे आहे. वैद्यबंधूंनी कंपवाताच्या रुग्णांच्या नोंदी ठेवाव्यात: मात्रा, वेळ, अनुपान, सुरू असलेली औषधे आणि उद्भवलेले उपद्रव. गुणाच्या नोंदींइतक्याच उपद्रवांच्या नोंदीही प्रामाणिकपणे पुढे याव्यात, म्हणूनच आमच्या चुकीने आरंभ केला आहे.